शहरातील पब्लिक स्कूलची आकडेवारी कशी वाचावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेतील एका मोठ्या शहरात घर घेण्याचे ठरत आहे आणि मुलगी यंदा तिसरीत जाणार आहे. त्या पत्त्याला लागू असलेल्या पब्लिक स्कूलला, म्हणजे सरकारी खर्चाने चालणाऱ्या मोफत शाळेला, एका संकेतस्थळाने दहापैकी चार गुण दिले आहेत, राज्याच्या परीक्षेत तेथील निम्म्याहून कमी मुले ‘प्रोफिशियंट’, म्हणजे अपेक्षित प्रावीण्य गाठलेली, ठरली आहेत, आणि बहुतेक मुले कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय व लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) कुटुंबांतील आहेत. तेव्हा ही शाळा टाळण्यासाठी उपनगरात जास्त किमतीचे घर घ्यावे का, हे आपण विचारले आहे. शहरी स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) शाळांच्या निकालांचे विश्लेषण करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी उत्तर जरा विस्ताराने देतो.

आपण दिलेल्या तीन आकड्यांवरून त्या शाळेत कोण शिकते हे कळते, पण ती शाळा कसे शिकवते हे कळत नाही. तिसरीच्या मुलाचे गुण हे त्याच्या जन्मापासूनच्या आठ वर्षांचे मोजमाप असते आणि त्यांपैकी शाळेच्या वाट्याला जेमतेम तीन-चार वर्षे आलेली असतात. घरात किती वाचून दाखवले गेले, बालवाडी मिळाली की नाही, भाडे थकल्यामुळे वर्षात किती वेळा घर बदलावे लागले, दम्यासारख्या आजारावर वेळेत उपचार झाले का, हे सारे त्या एका आकड्यात मिसळलेले असते.

ही गोष्ट नवी नाही. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने आदेश दिल्यावरून समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांमधील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि 1966 मध्ये अहवाल दिला. शाळांच्या इमारती, ग्रंथालये, खर्च यांच्यापेक्षा कुटुंबाच्या पार्श्वभूमीशी गुणांचे नाते अधिक घट्ट आहे, हा त्यातला निष्कर्ष सर्वांच्या लक्षात राहिला. त्यावरून ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा अर्थ अनेकांनी काढला, तो मात्र चुकीचा होता. सरासरी गुणांतील फरकाचा मोठा भाग शाळेबाहेर घडतो हे एक विधान झाले आणि शाळा मुलाला पुढे नेऊ शकत नाही हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

दुसऱ्या विधानाची पडताळणी करता येण्यासारखी सामग्री गेल्या काही वर्षांत उपलब्ध झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रीअर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील स्कूल डिस्ट्रिक्टांचे तिसरी ते आठवीचे निकाल एका समान मापावर आणले. त्यात असे दिसले की डिस्ट्रिक्टचे सरासरी गुण तेथील कुटुंबांच्या उत्पन्न-शिक्षणाशी फार जवळून जोडलेले आहेत, परंतु मुले वर्षागणिक किती शिकतात या वाढीचा त्या उत्पन्नाशी संबंध बराच सैल आहे. याचे ठळक उदाहरण शिकागोचे आहे. 2009 ते 2014 या काळात तेथील मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे होती, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत त्यांनी सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केली. केवळ सरासरी पाहणाऱ्याला शिकागोच्या शाळा निकृष्ट वाटल्या असत्या, आणि त्याच शाळा त्या काळात देशातील मोठ्या डिस्ट्रिक्टांमध्ये सर्वांत वेगाने मुलांना पुढे नेत होत्या.

तेव्हा आपल्या शाळेचे राज्याने प्रसिद्ध केलेले रिपोर्ट कार्ड, म्हणजे शाळेचे वार्षिक प्रगतिपत्रक, उघडा आणि एकूण टक्केवारीवर न थांबता उपगटांच्या तक्त्याकडे जा. जानेवारी 2002 मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर स्वाक्षरी झाली, तेव्हापासून प्रत्येक शाळेचे निकाल वंशगट, आर्थिक स्थिती, अपंगत्व आणि इंग्रजी शिकणारे विद्यार्थी अशा गटांनुसार वेगळे दाखवणे बंधनकारक आहे. 2015 च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्याने हे बंधन कायम ठेवले. वाचन आणि गणित यांची परीक्षा तिसरी ते आठवी दर वर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा होते, त्यामुळे हा तक्ता आपल्याला कोणत्याही शाळेसाठी मिळेल.

तो कसा वाचायचा, हे कल्पित आकड्यांवरून दाखवतो. समजा, शहरातील शाळेत परीक्षा देणारी 400 मुले आहेत. त्यांपैकी 300 कमी उत्पन्नाच्या घरांतील असून त्यांतील 40 टक्के, म्हणजे 120 मुले प्रोफिशियंट आहेत, आणि उरलेल्या 100 पैकी 80 टक्के, म्हणजे 80. शाळेची एकूण टक्केवारी झाली 50. आता उपनगरातील शाळा पाहू. तेथेही 400 मुले आहेत, पण कमी उत्पन्नाच्या घरांतील फक्त 60. त्यांपैकी 30 टक्के, म्हणजे 18 मुले प्रोफिशियंट आहेत, आणि बाकीच्या 340 पैकी 75 टक्के, म्हणजे 255. एकूण टक्केवारी झाली सुमारे 68. संकेतस्थळावर उपनगरी शाळा 18 अंकांनी पुढे दिसेल. पण मूल गरीब घरातील असो वा सुस्थितीतील, दोन्ही गटांत शहरी शाळाच पुढे आहे. प्रत्यक्षातील तक्ते इतके सरळ नसतात आणि प्रत्येक शहरी शाळा अशी निघते असेही नाही. तरी दोन शाळांची तुलना करताना आपल्या मुलीसारख्या मुलांची ओळ दोन्हीकडे शोधून शेजारी-शेजारी ठेवण्याला पर्याय नाही. अनेक पालकांना ही ओळ आयुष्यात प्रथमच दिसते आणि त्यांचा निर्णय तेथेच बदलतो.

हा तक्ता वाचताना त्यातील गट कसे बनतात हे माहीत असणे आवश्यक आहे, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज येथेच होतात. ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बळ’ हा आकडा अनेक दशके शाळेतील मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून काढला जात असे. कुटुंबाचे उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पुढे 2010 च्या एका कायद्याने, ज्या शाळांत सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर आहे, तेथे घरोघरचे अर्ज न मागवता सर्वच मुलांना मोफत जेवण देण्याची मुभा दिली. 2014-15 पासून ही सोय देशभर खुली झाली. ती पातळी आधी 40 टक्के होती, 2023 मध्ये 25 टक्क्यांवर आली. परिणामी काही तक्त्यांत अशा शाळेसमोर ‘100 टक्के’ असे छापलेले दिसते, आणि शाळेतील प्रत्येक मूल गरीब आहे असा वाचकाचा समज होतो. उलट, राज्याने मोजण्याची पद्धत बदलून केवळ सरकारी मदतीच्या नोंदींशी जुळणारी मुले धरायला सुरुवात केली की तोच आकडा एका वर्षात खाली येतो, जरी त्या वर्गखोल्यांत काहीही बदललेले नसते. म्हणून या रकान्यातील मोठी उडी दिसली की आधी व्याख्या तपासावी.

शिवाय हा रकाना फार वेगवेगळ्या मुलांना एकाच ओळीत बसवतो. आई-वडील दोघेही नियमित नोकरीवर असलेले, स्थिर घर असलेले मूल आणि गेले तीन महिने नातेवाइकांच्या दिवाणखान्यात झोपणारे मूल, दोघांचीही नोंद सारखीच होते. ज्यांना स्वतःचे स्थिर घर नाही अशा मुलांची वेगळी नोंद 1987 च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली होते. ती संख्या मोठी असेल तर शाळेवर पडणारा भार निव्वळ उत्पन्नाच्या आकड्यावरून कळणार नाही इतका असतो. वर्षाच्या मध्यात शाळा सोडणाऱ्या आणि नव्याने येणाऱ्या मुलांचे प्रमाणही राज्य प्रसिद्ध करत असेल तर अवश्य पाहा. सप्टेंबरमधील वर्ग आणि मे महिन्यातील वर्ग यांत बरीच वेगळी मुले असतील, तर शिक्षिकेने काय शिकवले याचा हिशेब लावणेच अवघड होते.

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाचे गुण कमी असतात, यात नवल नाही. ज्यांना इंग्रजी चांगले येऊ लागते ते त्या गटातून बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी नुकतीच आलेली मुले दाखल होतात. त्यामुळे शाळेचे काम उत्तम चालले असतानाही हा गट तळाशीच दिसतो. गटातून बाहेर पडलेल्या मुलांना पुढील चार वर्षांपर्यंत त्याच गटात मोजण्याची परवानगी कायदा राज्यांना देतो, पण ती मोजली आहेत की नाही हे तळटिपेत शोधावे लागते. त्या शाळेत किती मुले दर वर्षी भाषेच्या परीक्षेत पुढच्या पायरीवर जातात, हा आकडा अधिक बोलका आहे.

‘एशियन’ या रकान्याबद्दल आपल्या वाचकांना सावध करणे मला जरुरीचे वाटते. आपली मुलगी याच गटात धरली जाईल. विशेष कौशल्याच्या व्हिसावर आलेल्या अभियंत्यांची मुले, मोठ्या शहरांतील चिनी आणि बांगलादेशी कामगार कुटुंबांतील मुले, आग्नेय आशियातून आलेली हमोंग कुटुंबे, भूतानमधून निर्वासित म्हणून आलेली नेपाळीभाषक कुटुंबे, या सर्वांची येथे एकच सरासरी होते. शहरी शाळेत या गटाचे गुण कमी दिसले म्हणून ‘आपली मुलेसुद्धा तेथे मागे पडतात’ असा निष्कर्ष काढू नये आणि जास्त दिसले म्हणून शाळेला श्रेय देण्याचीही घाई करू नये. गट फार लहान असेल तर राज्य आकडा झाकून ठेवते. ही किमान संख्या राज्यागणिक वेगळी असून बहुधा 10 ते 30 विद्यार्थ्यांच्या दरम्यान असते. रिकामा रकाना म्हणजे ती मुले शाळेत नाहीत, असे नव्हे.

‘प्रोफिशियंट’ या पातळीबद्दल एवढेच सांगतो की प्रत्येक राज्य ती स्वतः ठरवते, म्हणून एका राज्यातील 45 टक्के आणि दुसऱ्या राज्यातील 60 टक्के यांची तुलना होऊ शकत नाही. राष्ट्रीय पातळीवरील ‘नेप’ परीक्षेत याच नावाची पातळी आहे, ती बहुतेक राज्यांपेक्षा कठीण आहे आणि तिचा अर्थ ‘इयत्तेला साजेसे’ असा होत नाही. शहरांची आपापसात तुलना करायची असेल तर ‘नेप’मध्ये निवडक मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टांचे निकाल 2002 पासून वेगळे दिले जातात, तेच पाहावेत. मात्र ते एका शाळेचे नसतात.

आता ज्या आकड्यावर मी स्वतः सर्वाधिक विसंबतो, त्या वाढीच्या आकड्याकडे येऊ. अनेक राज्ये ‘स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल’ ही कोलोरॅडोत विकसित झालेली पद्धत वापरतात. मागील वर्षांत ज्यांचे गुण जवळपास सारखे होते अशा राज्यभरातील मुलांशी प्रत्येक मुलाची तुलना होते आणि यंदा ते त्यांच्यात कोठे उभे आहे, हे 1 ते 99 मध्ये सांगितले जाते. शाळेतील सर्व मुलांचा मध्यक (क्रमाने लावल्यास अगदी मधला आकडा) 50 च्या आसपास असेल तर शाळा राज्याच्या सर्वसाधारण गतीने चालली आहे. तो सातत्याने 60 च्या वर असेल तर तेथे काहीतरी फार चांगले घडत आहे, आणि 40 च्या खाली असेल तर काळजीचे कारण आहे. या मापालाही मर्यादा आहेत. त्यासाठी दोन वर्षांच्या परीक्षा लागतात, म्हणून ते चौथीपासूनच मिळते आणि पहिली-दुसरीत झालेले मोलाचे काम त्यात येत नाही. 2020 च्या वसंतातील परीक्षा देशभर रद्द झाल्या आणि 2021 मध्ये बऱ्याच ठिकाणी उपस्थिती अपुरी होती, म्हणून त्या काळातील वाढीचे आकडे एक तर नाहीत किंवा डळमळीत आहेत. शाळा लहान असेल तर आणखी सावधगिरी हवी. चौथीत 40 मुले असतील तर एका मुलामागे टक्केवारी अडीच अंकांनी हलते. दोन मुलांना परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी तक्त्यात ‘घसरण’ दिसते. म्हणून कोणताही आकडा एका वर्षाचा पाहू नये, निदान तीन वर्षांचा पाहावा.

यानंतर उपस्थिती. शाळेच्या दिवसांपैकी 10 टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणे याला दीर्घ गैरहजेरी म्हणतात, म्हणजे 180 दिवसांच्या वर्षात 18 दिवस. 2018-19 मध्ये देशातील सुमारे 15 टक्के मुले या व्याख्येत बसत होती, 2021-22 मध्ये ते प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास गेले. गरिबी जास्त असलेल्या शाळांत हा आकडा मुळातच मोठा असतो, त्यामुळे तो कमी आहे की जास्त याहून शाळा त्याचे काय करते हे महत्त्वाचे. ज्या शाळांत मुले पुढे जातात, तेथील साप्ताहिक बैठकीत टक्केवारीऐवजी नावांची यादी टेबलावर असते. एका मुलाचा भाऊ आजारी आहे आणि त्याला सांभाळायला हाच घरी राहतो. दुसऱ्याच्या आईची कामाची पाळी बदलल्यामुळे सकाळी सोडायला कोणी नाही. तिसरीची बस पुलाजवळच्या थांब्यावर आठवड्यातून दोनदा येतच नाही. प्रत्येक नावासमोर कोण फोन करणार आणि कोणत्या दिवशी, हे लिहूनच बैठक संपते. मी पाहिलेल्या शाळांत सामाजिक पार्श्वभूमी सारखी असूनही निकालात जो फरक पडला, त्याचा मोठा भाग अशा कामातून आलेला होता आणि ते काम कोणत्याही गुणांकनात दिसत नाही. शाळेतील समुपदेशक, परिचारिका, कार्यालयातील कारकून यांच्याबद्दल मला जो आदर आहे तो याच कारणाने.

शिक्षकांचे स्थैर्य तपासणे तुलनेने सोपे आहे. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, मुख्याध्यापक किती वर्षांपासून आहेत आणि सध्या कोणत्या वर्गांना दीर्घकाळ बदली शिक्षक शिकवत आहेत, हे थेट विचारावे. वर सांगितलेल्या 2015 च्या कायद्यानुसार अननुभवी शिक्षकांचे प्रमाण आणि शाळानिहाय दरडोई खर्च रिपोर्ट कार्डात द्यावा लागतो. खर्चाचा आकडा वाचताना मात्र जपावे. गरजू मुले जास्त असलेल्या शाळेला ‘टायटल वन’चा केंद्रीय निधी मिळतो, पण तरुण शिक्षक अधिक असले तर पगाराचा खर्च कमी होतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींना झाकून टाकतात.

एवढे झाल्यावर शाळेत जाऊन तिसरीचा वर्ग पाहावा. भिंतीवर लावलेले मुलांचे लेखन नीट वाचा. त्यावर तारखा असतील तर एकाच मुलाचे सप्टेंबरमधील आणि जानेवारीतील लेखन शेजारी ठेवून पाहता येते. चार ओळींचा परिच्छेद दीड पानापर्यंत गेला आहे का, कारण देणारी वाक्ये येऊ लागली आहेत का, शिक्षिकेने समासात केवळ ‘छान’ लिहिले आहे की पुढे काय सुधारायचे तेही लिहिले आहे, हे पाहा. मुलांच्या हातातील पुस्तक तिसरीच्या पातळीचे आहे की मुले मागे आहेत म्हणून पहिलीचेच देऊन ठेवले आहे, हेही पाहा. आणि एक गोष्ट विसरू नका: शाळेत प्रगत गणिताचा वर्ग असेल तर त्यात कोण बसले आहे ते मोजा. शाळेत सत्तर टक्के कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले असताना त्या वर्गात ती दोन-तीनच दिसत असतील, तर शाळेची एकूण विविधता आपल्या मुलीच्या प्रत्यक्ष वर्गात उतरणार नाही आणि शाळा आपल्याच बहुसंख्य विद्यार्थ्यांकडून फारशी अपेक्षा ठेवत नाही, हेही कळून येईल.

या शाळेला मी कधी नकार द्यायला सांगेन, तेही स्पष्ट करतो. सलग तीन वर्षे सर्व उपगटांत वाढ कमी असेल, मुख्याध्यापक दर वर्षी बदलत असतील आणि गणिताला कायम शिक्षक नसतील, तर शाळेला पार्श्वभूमीची ढाल देऊ नये. तेथील गरीब मुलांवरही तो अन्यायच असतो, आणि त्यांना उपनगरात घर घेण्याचा पर्याय नसतो. पण केवळ मुलांच्या वर्णावरून किंवा त्यांच्या घरच्या उत्पन्नावरून नकार देणे मला मान्य नाही. दहापैकी चार हा गुण पाहून ऐपत असलेली कुटुंबे निघून जातात, ती गेल्यामुळे सरासरी आणखी उतरते, आणि पुढच्या वर्षी तोच गुण तीन होतो. या फेऱ्यात शाळेच्या शिकवण्याचा कोठेही संबंध आलेला नसतो.

शेवटी प्रवेशाच्या वेळची एक बाब, जी या आकडेवारीशीच जोडलेली आहे. प्रवेशअर्जासोबत घरात कोणती भाषा बोलली जाते याची प्रश्नावली येते. मुलीला ‘कच्च्या’ मुलांत टाकतील या भीतीने बरेच मराठी पालक तेथे केवळ ‘इंग्रजी’ लिहितात. तसे करू नये, ‘मराठी’ लिहावे. त्या उत्तरावरून मुलीची इंग्रजीची छोटी चाचणी होईल. तीत ती उत्तीर्ण झाली तर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात तिची नोंद होणार नाही आणि विषय तेथेच संपेल. उत्तीर्ण झाली नाही तर तिला मदत मिळणे हा तिचा हक्क आहे, आणि वर्षाच्या आरंभीच दाखल झाली असेल तर शाळेने सत्र सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत आपल्याला तसे कळवले पाहिजे. ही मदत नाकारण्याचा अधिकारही आपल्याला आहे, पण ती नाकारली तरी दर वर्षीची भाषापरीक्षा तिला द्यावीच लागते. त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी वर्गशिक्षिकेला भेटून, मदतीचा तास कोणत्या विषयाच्या वेळेत घेतला जातो, हे विचारून घ्यावे. तो गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाला येत असेल तर वेळ बदलून मागावी.